दुसऱ्या मजल्याची तीन गाठोडी

२ मार्च

आजपासून मला माझ्या सख्ख्या भावजयीला मॅडम म्हणायचं आहे.

मालकांनी सकाळी सगळ्यांना जेवणघरात उभं केलं आणि सांगितलं की सरकारच्या नव्या कायद्यासाठी हॉटेलात एक नवी जागा तयार केली आहे, शाश्वतता प्रमुख. शब्द उच्चारताना त्यांची जीभ दोनदा अडखळली. हाउसकीपिंगचे तिन्ही मजले आणि लाँड्री त्या जागेच्या हाताखाली. मी पदर नीट केला, पुढे सरकायच्या तयारीने. बावीस वर्षं दुसरा मजला माझ्याकडे आहे, दुसरं नाव कोण घेणार? मालकांनी नाव घेतलं तिचं.

हिला या हॉटेलात आणलं कुणी? मी. आठ वर्षांपूर्वी हिला चादरीचा कोपरासुद्धा नीट मुडपता येत नव्हता. हात धरून शिकवलं. पण हिने मधल्या काळात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि मी केला नाही, एवढाच फरक. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. ती माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली. माफी असेल तर ती खिशात ठेव म्हणावं.

नवरा गेल्यावर मी एकटी पडू नये म्हणून धाकटा भाऊ आणि ही माझ्या घरी राहायला आले, तेव्हापासून आम्ही एका छपराखाली आहोत. घरी ती मला वन्सं म्हणते. आजकाल कुणी म्हणत नाही, पण मला आवडतं म्हणून म्हणते. आज चहा देताना म्हणाली, "वन्सं, तुमच्या मनात काही नाही ना?"

मी म्हटलं, "घरात मी वन्सं, तिकडे तू मॅडम. पण कामावरची मॅडम घरात आणायची नाही. त्या विषयावर घरात एक शब्द नको."

ती हो म्हणाली. मी मनात म्हटलं, तुला त्या खुर्चीवरून उठवलं नाही तर नाव लावणार नाही. ही वही त्यासाठीच घेतली आहे. लाँड्रीची जुनी, कोरी.

५ मार्च

कायदा काय आहे ते आज नीट कळलं. हवा तापते आहे, पाणी आटतं आहे, म्हणून प्रवाशांवर चालणाऱ्या प्रत्येक धंद्याने पाणी आणि वीज मापात वापरायची. ज्या हॉटेलकडे हिरवं प्रमाणपत्र नाही, तिथे एक मेपासून सहल कंपन्यांना माणसं पाठवता येणार नाहीत. आमच्याकडे दहातले आठ पाहुणे सहल कंपन्यांचेच. म्हणजे प्रमाणपत्र नाही तर हॉटेलला कुलूप आणि आम्ही चाळीसजण घरी. भाऊ पाहुण्यांना स्टेशनवरून आणतो, त्याची डिझेलची गाडी आत्ताच गेली आणि विजेवरची आली. तो तिला रोज फडक्याने पुसतो.

मॅडमनी आम्हा तिघी मजलेवाल्यांना एकेक गठ्ठा कार्ड दिली. उशीवर ठेवायची. 'चादर तिसऱ्या दिवशी बदलू. रोज हवी असल्यास सांगा.' टॉवेल जमिनीवर टाकलेला असेल तरच धुवायला न्यायचा.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, आपण स्वतः काल अंग पुसलेला टॉवेल आज पाहुण्याला द्यायचा का?" पहिल्या मजल्यावरची फिस्सकन हसली. मॅडम लाल झाल्या. म्हणाल्या, "त्यांचाच टॉवेल त्यांनाच, वन्... म्हणजे, ताई."

जीभ घसरली बाईंची. दिवसभर मला त्यानेच बरं वाटत होतं.

९ मार्च

कार्डांचा गठ्ठा माझ्या कपाटात अभ्र्यांच्या खाली आहे. तिथेच राहील.

माझ्या मजल्यावर पाहुणा रात्री आला की त्याच्यासाठी चादर परीटघडीची असते आणि सकाळी बाहेर पडला की ती निघते. एक रात्र निजलेली चादर म्हणजे उष्टी चादर. नोकरीला लागले त्या वर्षी २०४ मध्ये एका बाईंना उशीवर केस सापडला होता. थोरल्या मालकीणबाईंनी तो केस चिमटीत धरून मला सगळ्यांसमोर विचारलं, "हा तुझा का?" माझा नव्हता. पण त्या दिवसापासून माझ्या मजल्यावर कुणाला काही सापडलेलं नाही आणि मालकीणबाईंशी मी त्या वारेपर्यंत कामाखेरीज एक अक्षर बोलले नाही. मी विसरत नाही. भाजीवाल्याने एकदा सडकी भाजी खाली घातली होती, तेव्हापासून चौदा वर्षं मी लांबच्या बाजारात जाते.

तेव्हा मॅडमनी असं समजू नये की वाट मोकळी आहे.

१३ मार्च

सापडलं!

सुईदोरा मागायला तिच्या खोलीत गेले. ती फोनवर होती. टेबलावर कायद्याचं रजिस्टर उघडं, दर महिन्याला त्याची प्रत सरकारकडे जाते. शेवटच्या रकान्यात कालची एकूण गाठोडी, तीन. तिने मला पाहिलं आणि फोन कानाला तसाच ठेवून रजिस्टर मिटलं. मिटायचं कशाला?

कारण काल मी लाँड्रीत स्वतः उभी होते आणि गाठोडी पाच होती. आमच्याकडे एका गाठोड्यात चार चादरी आणि त्यांचे अभ्रे असतात, गाठ मारून खाली पाठवायचं. माझ्या मजल्यावरून रोज तीन जातात, बावीस वर्षं तीनच, त्यात कधी खाडा नाही. पहिल्यावरून एक आणि तिसऱ्यावरून एक. झाली पाच. म्हणजे हिने माझी तीन तेवढी लिहिली आणि त्या दोघींची दोन गिळली. मागे पुढे करतात ना दिवसभर, मॅडम मॅडम करत, त्यांना वाचवते आहे.

सरकारला खोटा आकडा. बाई, तूच मला दोरी आणून दिलीस.

१४ मार्च: लाँड्रीत पाच, तिच्याकडे तीन.

१५ मार्च: पाच. तीन. आज ती जेवायला गेली तेव्हा रजिस्टर उघडून पाहिलं, फक्त शेवटचा रकाना. पावलं वाजली म्हणून मिटलं.

१६ मार्च: पाच.

१८ मार्च

आज जेवताना तिने विषय काढायचा प्रयत्न केला. आधी भाजी वाढली, मग उगाच पाणी आणलं, मग म्हणाली, "वन्सं, एक सांगायचं होतं. तुमच्या मजल्याचं जरा..."

"कामावरची मॅडम," मी म्हटलं.

तिने पळी खाली ठेवली. धाकट्याने ताटावरून मान वर केली. "ताई, ती काय म्हणते ते ऐक तरी. तुझ्याच भल्याचं आहे."

"माझं भलं बघायला मी अजून धडधाकट आहे. आणि तू बायकोचा वकील केव्हापासून झालास?"

तो हात धुवायला उठला. तो असाच, लहानपणीही भांडण झालं की आधी हात धुवायला जायचा. ती बसून राहिली, भात चिवडत. मला तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. अपराधी माणूस घाबरणारच. जेवण मला छान गेलं.

२० मार्च

तक्रार पाठवली. कायद्यात सोय आहे, कुणीही करू शकतं आणि नाव गुप्त राहतं. चार मसुदे फाडले. पाचवा जमला. त्यातल्या शेवटच्या ओळी इथे उतरवून ठेवते, कारण मला त्या आवडल्या आहेत:

'सर्व कर्मचाऱ्यांची रोजीरोटी या प्रमाणपत्रावर आहे. एका बाईच्या बेपर्वाईमुळे ती जाऊ नये. ती बाई कुणाची कोण आहे, किती वर्षं काम करते, हे पाहू नये. चौकशी करून तिला कामावरून दूर करावं आणि कसलीही दयामाया दाखवू नये.'

सोबत लाँड्रीतल्या पाच गाठोड्यांचा फोटो. छान आला आहे. माझी तीन तर लगेच ओळखू येतात. चौथं टोक आत खोचून मी जी गाठ मारते ती हॉटेलात दुसऱ्या कुणाला येत नाही. मॅडमना तेवढी येते, मीच शिकवली.

पाकीट पेटीत टाकलं. घरी आले तर तिने माझी औषधं आणून ठेवली होती. न विचारता. असल्या गोड वागण्याला भुलणारी मी नाही.

२५ मार्च

२०६ मध्ये एक एकटे गृहस्थ आले आहेत. किडकिडीत, बुटांना वाळलेला चिखल, सामानात एक पिशवी आणि एक जड खोकं. सहलीचे वाटत नाहीत. तीन रात्री आहेत.

सकाळी मी खोलीत शिरले तर अजून बसलेले. म्हणाले, "बाई, चादर राहू द्या. एकच रात्र झाली."

"असं कसं साहेब," मी म्हटलं, "आमच्याकडे अशी पद्धत नाही."

"कार्ड वगैरे काही ठेवत नाही का उशीवर?"

"ते दुसऱ्या मजल्यांवर. या मजल्यावर पाहुण्याला वाचायला लावत नाही." ते हसले. मी त्यांना उठवलं, चादर काढली, नवी अंथरली. खुर्चीत बसून ते माझ्या हातांकडे बघत होते. चांगलं काम बघायला लोकांना आवडतं.

२७ मार्च

२०६ च्या चादरीच्या कोपऱ्यावर काल पेन्सिलीची बारीक फुली होती. धोब्यांचं काम, धड घासतही नाहीत. काढून नवी घातली. आज नव्या चादरीवरही तिथेच फुली! लाँड्रीत जाऊन मी त्या लोकांना फैलावर घेतलं. ते म्हणतात, आमच्याकडून अशी गेलीच नाही. सगळे खोटारडे. वरचाच कित्ता गिरवतात.

त्या साहेबांचा टॉवेल दांडीवर नीट घडी घालून ठेवलेला होता. तोही बदलला.

३० मार्च

आज माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस!

नऊ वाजता मालकांनी आम्हाला जेवणघरात बोलावलं आणि तिथे कोण बसलं होतं? २०६ वाले साहेब. सरकारचे तपासनीस निघाले. खोक्यात वजनकाटा होता, गाठोडी टांगून तोलायचा. मी पाठवलेला गाठोड्यांचा फोटो त्यांच्या फायलीत वर लावलेला. तो मी लांबूनच ओळखला.

त्यांनी मॅडमना विचारलं, "रजिस्टरमध्ये रोज तीन गाठोडी आहेत. प्रत्यक्षात पाच. हे आकडे कुणी लिहिले?"

तिने फोटोकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग एकदा माझ्याकडे. मी नजर खाली घातली नाही.

"मी लिहिले," ती म्हणाली.

"कुणाला वाचवायला?"

"कुणाला नाही. माझी चूक झाली."

मला वाटलं होतं त्या दोघींची नावं घेईल, निदान रडेल. काही नाही. मालक लालबुंद झाले. "तुमच्यावर विश्वास टाकला आणि तुम्ही चाळीस माणसांच्या पोटाशी खेळलात?" ती हात बांधून उभी. तिथल्या तिथे तिला कामावरून काढलं. हॉटेलला तीन आठवड्यांची मुदत मिळाली, सुधारणा दाखवा आणि प्रमाणपत्र घ्या. बाकीचा अहवाल टपालाने येईल म्हणाले.

निघताना साहेब माझ्याजवळ थांबले. "दुसरा मजला तुमचाच ना?"

"बावीस वर्षं," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. अजून काही बोलणार होते, पण मालक त्यांना चहाला घेऊन गेले.

दुपारी मालकांनी मला आत बोलावलं. "बाई, तात्पुरतं तुम्हीच सांभाळा. तुमच्याइतकं जुनं कोण आहे?" बावीस वर्षांत पहिल्यांदा ते मला बसा म्हणाले.

२ एप्रिल

खुर्ची फिरती आहे. दोनदा फिरून पाहिलं.

दुसऱ्या मजल्यावर नवी बाई दिली आहे. आज तिला म्हटलं, मुदतीचे दिवस आहेत, कार्ड ठेव, तिसऱ्या दिवशीच बदल. मला आवडलं नाही, पण प्रमुखाला सगळ्या हॉटेलचा विचार करावा लागतो.

घरी वातावरण अजब आहे. धाकटा माझ्याशी बोलत नाही. ती बोलते. "वन्सं, जेवून घ्या." "वन्सं, आज पाय दुखतात का?" मला वाटलं होतं ती आदळआपट करेल, मग मला ऐकवता आलं असतं. जिंकलेल्या माणसाला भांडायला कुणी लागतं. सूड घेतला, तर तो घेतल्यासारखा वाटायला हवा ना.

तक्रार माझी, हे फोटोवरून तिने ओळखलं असेल का? ओळखलं असेल तर बोलत का नाही?

७ एप्रिल

आता जे लिहायचं आहे ते नीट लिहिते.

अहवाल आला. मालकांनी पाकीट उघडलं, वरचा हिरवा शिक्का पाहिला आणि वाचल्याशिवाय माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही प्रमुख. संबंधित व्यक्तीचं नाव घालून उत्तर तयार करा, मी शिक्का मारतो."

आत लिहिलं होतं: पहिला आणि तिसरा मजला नियमाप्रमाणे, रोज एकेक गाठोडं. दुसऱ्या मजल्यावरही एकच अपेक्षित. प्रत्यक्षात तीन. तीन रात्रींत एकाच पाहुण्याची चादर तीनदा बदलली, पाहुणा नको म्हणत असताना. कोपऱ्यावर केलेली खूण दर वेळी चादरीसकट गेली. कार्ड ठेवलं नाही. हॉटेलचं माप ओलांडलं जातं ते फक्त दुसऱ्या मजल्यामुळे. आकडे लपवणारीवर कारवाई झालीच आहे, आता हे पाणी वाया घालवणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि कारवाई कळवावी.

आणि खाली, तक्रारदाराच्या शब्दांत, अवतरणात: 'ती बाई कुणाची कोण आहे, किती वर्षं काम करते, हे पाहू नये. कसलीही दयामाया दाखवू नये.'

अक्षर टाईपाचं होतं, पण शब्द माझे. तीनदा वाचले. चौथ्यांदा वाचवले नाहीत.

मग खण उघडला. ते रजिस्टर आता माझ्याच ताब्यात होतं आणि आठ दिवस मी ते उघडलं नव्हतं, खुर्ची फिरवत बसले होते. मजलेवार रकाने होते. शेवटच्या रकान्यापलीकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. पहिला एक, दुसरा एक, तिसरा एक. दुसऱ्याच्या एकाखाली प्रत्येक पानावर पेन्सिलीने बारीक तीन लिहून खोडलेला. समासात तिचं अक्षर. 'वन्संशी बोलायचं.' पुढच्या पानावर, 'आज बोलायचंच.' १८ मार्चला, 'ऐकलं नाही. ह्यांचंही नाही.' त्यानंतर, 'मालकांना सांगितलं तर ते वन्संना काढतील. बावीस वर्षं.' आणि शेवटी नुसतं, 'आणखी थोडे दिवस.'

मी दोन गाठोडी शोधत होते. ती माझीच होती.

तिने तो फोटो पाहिला तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. पाचातली तीन माझी, ती गाठ तिला येते ना. चाळीस माणसांसमोर एक वाक्य बोलली असती तर मी तिथेच आडवी झाले असते. आणि मी तिच्याकडे मान वर करून बघत होते, निर्लज्जासारखी.

तासभर बसले. खोटं लिहायची सोय होती. नव्या बाईचं नाव घालता आलं असतं, मालकांनी वाचलंही नसतं. असा विचार मनात आला हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला स्वतःविषयी गैरसमज नको.

मग म्हटलं, बावीस वर्षांत मी कुणाला सोडलेलं नाही. मालकीणबाईंना नाही, भाजीवाल्याला नाही, पोटच्या पोरीसारख्या भावजयीला नाही. या बाईला तेवढं का सोडू?

संबंधित व्यक्तीच्या जागी माझं नाव घातलं. कारवाई: कामावरून कमी. आकडे लपवण्याचं कारण: संबंधित व्यक्तीला वाचवणे, ती व्यक्ती ऐकून घेत नव्हती. शिफारस: आधीच्या प्रमुखांना परत घ्यावं, कारण तिन्ही मजल्यांचे खरे आकडे त्यांनाच माहीत आहेत. दोन सह्या लागत होत्या, कारवाई करणाऱ्याची आणि ज्याच्यावर झाली त्याची. दोन्ही केल्या. मालकांनी शिक्का मारायला घेतला आणि सह्या पाहून थांबले. म्हणाले, "बाई, हे एकाच हाताचं आहे."

"हो," मी म्हटलं, "मारा शिक्का."

त्यांनी मग सगळं वाचलं, पहिल्यापासून. चष्मा काढून पुसला. शिक्का मारला.

कपाट रिकामं करताना अभ्र्यांखाली कार्डांचा गठ्ठा निघाला. तो नव्या बाईला दिला.

दुपारी घरी पोचले. ती स्वयंपाकघरात होती, चुलीकडे तोंड करून. मी दारात उभी राहिले. चप्पलसुद्धा काढली नव्हती. बावीस वर्षं दुसऱ्यांची अंथरुणं घालणारे माझे हात कुठे ठेवावेत कळेना.

मी म्हटलं, "मॅडम, उद्या नऊ वाजता मालकांनी तुम्हाला बोलावलंय."

ढवळणारा हात थांबला. तिने आच मंद केली. मग मागे न वळता म्हणाली, "वन्सं, कामावरची मॅडम घरात आणायची नाही असं ठरलंय आपलं."

रडत होती की हसत होती, मला पाठच दिसत होती. पण तिने दोन ताटं घेतली होती, त्यात तिसरं घेतलं.